मी खाल्लेला अभ्यास

गेल्या एप्रिलात, एका शनिवारी दुपारी, मी माझ्या बायकोचा अभ्यास खाल्ला. साल काढून, नीट फोडी करून खाल्ला आणि वर बाठाही चोखला. गाईने वही खाल्ली ही सबब मी स्वतः शाळेत एकदा वापरलेली आहे. पण नवऱ्याने अभ्यास खाल्ला, असं कॉलेजात जाऊन सांगायची पाळी आमच्या हिच्याशिवाय रत्नागिरीत कोणावर आली असेल असं वाटत नाही.

बायको कॉलेजात आहे हे आधी सांगायला हवं. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा मी हिला म्हटलं, "आता तुला वेळच वेळ." हे वाक्य मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो. तिने ते मनावर घेतलं आणि शेहेचाळिसाव्या वर्षी चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं. वर्गातली सगळी पोरं आमच्या मुलीच्या वयाची. ती हिला काकू म्हणतात आणि हिचा अर्धा डबा खातात, त्यामुळे ही डबा दीडपट नेते.

सकाळी आमचे डबे, आईचा चहा, आईच्या गोळ्या, पाणी भरणं, एवढं उरकून ती स्कूटरवर निघते. पाठीला चित्राचा मोठा बोर्ड आडवा बांधलेला. वारा असला की तो बोर्ड शिडाचं काम करतो आणि ही चढावावर अॅक्सिलरेटर न देता निम्मी वर जाते, असं शेजारी म्हणतात. संध्याकाळी परत तेच. एका हाताने पोळी, दुसऱ्या हाताने पेन्सिल. आमच्या घरातल्या भाजीच्या सुरीला हल्ली शिशाचा वास येतो. रविवारी माझी आई दुपारची झोपली की ही तिचं स्केच काढते. आईला ते कळल्यापासून ती पदर नीट सारखा करून, हनुवटी जरा वर करून झोपते.

मी मिरजोळ्याला एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. तिकडे शेकडो नटबोल्ट कुठे आहेत हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. घरात टॉवेल कुठे आहे हे मात्र मला अजून विचारावं लागतं. आणि ते मी हिलाच विचारतो, ती चित्र काढत असली तरी.

दिवाळीच्या सुमारास आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, प्लास्टर घालावं लागलं, आणि हिचं पहिल्या टर्मचं सबमिशन राहिलं ते राहिलंच. सर चांगले आहेत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घर सांभाळून जमत नसेल, तर ताई, एकदा विचार करा." ही घरी आली, भाजी फोडणीला टाकली, आणि पाठमोरीच म्हणाली, "वर्षाअखेरचं काम पुरं झालं नाही तर मी पुढच्या वर्षी जायची नाही." आमची ही एखादी गोष्ट एकदाच बोलते. मी तीच गोष्ट दहादा बोलतो आणि एकदाही करत नाही. त्यामुळे तिच्या एकदा बोलण्याची मला धास्ती असते.

वर्षाअखेरचं काम असं होतं, की एकच वस्तू घ्यायची, एकाच जागी, एकाच उजेडात ठेवायची, आणि ती बदलत जाईल तशी तिची आठ चित्रं काढायची. एका पोराने मेणबत्ती घेतली आणि एका दुपारीत सुटला. हिने आंबा घेतला. तिच्या भावाने मालगुंडहून पेटी आणली होती, त्यातला एक हिरवा हापूस तिने बाजूला काढला आणि खिडकीत निळ्या ताटलीत ठेवला. बाकीची पेटी आम्ही पिकेल तशी संपवली. हा एकटा खिडकीत बसून राहिला. रोज सकाळी ती त्याच्यासमोर बसायची. पाच चित्रं झाली. पहिल्यात तो कैरीसारखा रागीट होता, पाचव्यात पिवळाधमक.

तो शनिवार माझा हाफ डे. ही कॉलेजात. घरात शिरलो तो वासाने पाय थबकले. खिडकीत खार डोकावत होती म्हणून आईने ताटली जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली होती. भिंतीवर टाचलेल्या कागदावर आंब्याचं चित्र, पिवळाधमक. ताटलीत आंबा, तसाच पिवळाधमक.

"झालं वाटतं रे तिचं?" आईने विचारलं.

"झालेलंच दिसतंय," मी म्हटलं.

आंबा पिकला म्हणजे त्याचा प्रवास संपला, अशी माझी समजूत. पिकल्यानंतरही आंब्याला काही आयुष्य असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात ते कुठल्या आंब्याच्या वाट्याला आलं नव्हतं. मी सुरी आणली.

ती आली तेव्हा मी हात धुऊन टॉवेल शोधत होतो.

"आंबा?" तिने विचारलं.

"अगं, अगदी वेळेवर कापला. आणखी एक दिवस गेला असता तर उतरला असता."

"मला तो उतरायलाच हवा होता."

ती हेल्मेट न काढताच खुर्चीत बसली. "त्याला सुरकुत्या पडायच्या होत्या. मग काळे डाग. मग तो बसत जायचा होता. तीन चित्रं होती माझी त्यात."

"मेल्या, मला म्हणालास, झालं तिचं!" आई माझ्यावर उलटली.

"आई, अर्धा तू खाल्लास."

"मला दिलान् म्हणून खाल्ला हो! सासूने सुनेचा अभ्यास खाल्ला म्हणून उद्या गावभर बोभाटा व्हायचा."

एरवी ही हसली असती. "जाऊ दे," ती म्हणाली, "नाहीतरी..." आणि हेल्मेट काढून कणिक मळायला गेली. सबमिशन पुढच्या शनिवारी होतं. त्या 'नाहीतरी'चं पुढचं वाक्य तिने दिवाळीतच बोलून ठेवलं होतं.

मी मोबाइलवर पाचव्या चित्राचा फोटो काढला आणि बाजारात गेलो. ओळखीचे एक चाचा पेट्या मांडून बसलेले असतात. त्यांच्यापुढे फोटो धरला. "चाचा, अस्साच हवाय. हुबेहूब."

चाचांनी फोटो पाहिला, मला पाहिलं. "साहेब, आंबा घ्यायला आलात की स्थळ बघायला? फोटो बघून आंबा कोण घेतो? वास घ्या नि चला." तरी त्यांनी शोधून तीन काढून दिले. "घ्या, सख्खे भाऊ आहेत."

हिने तिन्ही उजेडाला धरून फिरवले. "याचा खांदा उंच आहे. हा फार गोल. हा बरा आहे, पण त्याच्या देठाखाली चिकाचा डाग होता, ओघळलेला."

"डाग काय, आपण काढू."

"आपण?"

"म्हणजे तू. सरांना थोडंच कळणार आहे?"

"पाच चित्रं ज्याची काढली त्याच्या जागी दुसरा आणून बसवू? उद्या तुमच्या जागी कोणी आणून बसवला तर चालेल?"

आतून आईचा आवाज आला, "बदलून मिळत असेल तर बघ गो!"

आता मात्र ही हसली. हसता हसता तिची नजर टेबलावरच्या रिकाम्या ताटलीवर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बाठा कुठाय?"

"नारळाच्या आळ्यात टाकला."

"आणा."

आळ्यात सगळ्या पेटीचे बाठे पडले होते. पण बाकीचे वाळून पांढरे झालेले. ओला तो एकच, आणि त्याच्यावर मुंग्यांची जत्रा. मी कागदावर उचलून फुंकर मारणार तोच खिडकीतून ओरड आली, "मुंग्या राहू देत!"

बाठा वाटीखाली झाकून ठेवल्यावर तिने हुकूम सोडला. "उद्या सकाळी तुम्ही खिडकीपाशी, ताटलीमागे बसायचं. याच बनियनवर."

"मी? आंब्याच्या चित्रात?"

"आंबा आता तुमच्याकडे आहे ना? मग तुम्हीच बसायचं."

रविवारी सकाळी मी बसलो. समोर रिकामी ताटली, सुरी, वाळत चाललेली सालं. हलायचं नाही, बोलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. गॅसवाला आला, त्याच्याकडून सिलिंडर आईने घेतला. मुलीचा पुण्याहून फोन आला, तोही आईने घेतला. "बाबा कुठाय? आंब्याच्या जागी बसवलंन् तुझ्या आईने!" पलीकडून मुलीच्या हसण्याचा आवाज मला इथवर येत होता आणि मला मान वळवता येत नव्हती. मऊभात आईने टाकला. ही जिभेचं टोक दातात धरून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. इतक्या बारकाईने तिने मला लग्न ठरवतानाही पाहिलं नसेल. पाहिलं असतं तर बहुधा ठरलं नसतं.

चित्र झाल्यावर मला उठू दिलं. मी कुठे कसा दिसतो हे सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की बनियनच्या आत, पोटाच्या मध्यभागी, तिने आंब्याचा तोच पिवळा रंग हलकेच पसरला होता. आत कोणी दिवा लावल्यासारखा.

सातवं चित्र मुंग्यांसकट बाठ्याचं झालं. आठव्यात तो वाळला होता आणि त्याच्यावरचे धागे म्हाताऱ्याच्या दाढीसारखे उभे राहिले होते.

शनिवारी आईने तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. मी मिरजोळ्यात दिवसभर एकाच्या खणात दुसऱ्याचे बोल्ट टाकत होतो. घरी आलो तर ही कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी होतं, त्यावरून काही निदान होईना. शेवटी आईनेच विचारलं.

"सगळी ओळीने लावली," ती म्हणाली. "सर सहाव्यापाशी थांबले. म्हणाले, यात आंबा कुठाय? मी तोंड उघडायच्या आत आख्खा वर्ग ओरडला, काकांच्या पोटात!"

"मग?"

"मग काय, हसले. पुन्हा पहिल्यापासून आठही बघितली. म्हणाले, पुढच्या वर्षी व्यक्तिचित्रं आहेत, तुमच्याकडे घरचंच मॉडेल आहे, ताई."

पुढच्या वर्षी! मी खुर्चीत ऐसपैस बसलो. "म्हणजे सहावंच सगळ्यात चांगलं झालं. मी बसलो होतो म्हणून."

"तुम्ही बसला होतात म्हणूनच," ती डोळे पुसत म्हणाली. "आख्खी सकाळ मला कोणी टॉवेल कुठाय, मीठ कुठाय विचारलं नाही. आता दर रविवारी माझं काहीतरी खात जा."