अक्कांच्या उतरलेल्या आवाजाला तार शोधणारे राजेशम सर

राजेशम सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे जवळजवळ भांडणच होते. मी तेव्हा मंगळवेढ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. माझा मावसभाऊ नोकरीसाठी परगावी जाताना आपली बेस गिटार आमच्या घरी ठेवून गेला होता, आणि तिच्या चार जाड तारांनी मला कॉलेजात असतानाच नादी लावले होते. एका रविवारी ती मांडीवर आडवी घेऊन मी एसटीने सोलापूरला आले आणि विचारत विचारत शहराच्या पूर्व भागात, गिटारी दुरुस्त करणाऱ्या सरांच्या घरी पोचले. पुढच्या खोलीत उघडून ठेवलेली हार्मोनियम, भिंतीला टांगलेल्या गिटारी आणि खिडकीशी चष्मा कपाळावर चढवून बसलेले सर. मी सरळ म्हणाले, "सर, सगळ्यात जाड तारा द्या. आवाज मोठा यायला पाहिजे."

"कुणी सांगितलं जाड तारेचा आवाज मोठा असतो म्हणून? तुमी काय करता बाई?"

"शिक्षिका आहे. भूगोल शिकवते."

"मग सांगा की. आज घरनं निघताना आदी गाव ठरवलं, का आदी एसटीत बसला?"

मला राग आला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "आदी सूर सांगा, मग हात दाखवा. तार शेवटी." त्यांनी मला तासभर वाजवायला लावले, मनगटाचा कोन दोनदा बदलला आणि पूर्वी होत्या त्याच जाडीच्या नव्या तारा चढवून दिल्या. परतीच्या एसटीत मी फुरंगटून बसले होते. घरी येऊन वाजवले, तर आवाज खरोखरच मोठा झाला होता. पुढच्या रविवारी मी पुन्हा सरांच्या दारात उभी होते.

सरांचे घराणे विणकरांचे, घरातली भाषा तेलुगू. तरुणपणी त्यांनीही काही वर्षे यंत्रमागावर काढली. मागांच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान तेव्हापासूनच थोडा मंद झाला आहे. म्हणून सर गिटारीच्या लाकडाला हनुवटी टेकवून ऐकतात. नवख्या माणसाला वाटते की त्यांना डुलकी लागली आहे. आम्ही जुनी माणसे मात्र अशा वेळी श्वाससुद्धा बेताने घेतो. त्या अवस्थेत फोन वाजला तर ते उचलत नाहीत आणि लक्ष्मीअम्मांनी जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणून जागचे हलत नाहीत. सरांच्या पंचाहत्तरीचा हा गौरव होत असताना, त्यांच्या संसारातला गार झालेला चिंचेचा भात पन्नास वर्षे पुन्हा गरम करणाऱ्या लक्ष्मीअम्मांनाही माझा नमस्कार आहे.

सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात सर ऱ्हिदम गिटार वाजवत आणि तिथल्या सगळ्या वाद्यांची देखभाल करत. बेस वाजवणारे गृहस्थ हैदराबादला गेले तेव्हा सरांनी संचालक मोहनरावांना माझे नाव सुचवले. मोहनराव म्हणाले, "बेसवर बाई? लोक काय म्हणतील?" सर म्हणाले, "तारेला काय कळतंय, बोट कुणाचं हाय ते." एवढ्या एका वाक्यावर मी त्या संचात शिरले आणि चौदा वर्षे राहिले.

पण सर म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते निर्मलाअक्कांच्या वेळी.

अक्का आमच्या मुख्य गायिका. माहेर अक्कलकोटकडचे; घरात कानडी, स्टेजवर मराठी आणि हिंदी. अठरा वर्षे त्यांच्या नावावर आमचे कार्यक्रम ठरत होते. अशात त्यांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला, गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला तो खाली उतरून. जिथे त्या सहज पोचत तिथे आता नुसती हवा येई. डॉक्टर म्हणाले, कदाचित सुधारेल, कदाचित नाही.

मोहनराव वाईट माणूस नव्हते. तीन महिने ते थांबले. मग एके दिवशी तालमीत हळूच म्हणाले, "दुसरी गायिका बघावी लागेल." अक्का तिथेच बसल्या होत्या. "बघा की," एवढेच त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करत उठल्या. सर त्यांच्या मागोमाग गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अक्कांना आपल्या घरी, त्या पुढच्या खोलीत बोलावले आणि मलाही यायला सांगितले.

"अक्का, मोठ्यांदा नको. घरात भांडी घासताना गुणगुणता तसं गावा," सर म्हणाले आणि पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत गेले. पांढऱ्या पट्ट्यांतल्या तिसरीवर, म्हणजे पांढरी तीनवर, अक्का चाचरल्या, दोनवरही. पांढरी एकवर आल्या आणि आवाज एकदम स्थिर झाला. पूर्वीसारखा चमकदार नव्हे, पण भरलेला, उबदार. अक्का स्वतःच दचकून थांबल्या.

"हितं हाय की तुमचा आवाज," सर म्हणाले. "आमीच वर शोधत बसलोय."

अक्कांची गाणी खाली आणायची तर आम्हा सर्वांना खाली यावे लागणार होते. इतरांचे भागले. अडचण माझीच होती. बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे पांढरी तीन. त्याच्या खाली तारच नाही. वरच्या सप्तकात वाजवले तर गाण्याचा पायाच निघून जाई. पाच तारांच्या बेसची रुंद मान माझ्या हाताला पेलत नव्हती. राहिला एकच मार्ग. माझ्या चारही तारा दोन-दोन सुरांनी उतरवायच्या. आम्ही तसे केले आणि तालमीला बसलो.

तो दिवस मी विसरू शकत नाही. तारा इतक्या लुळ्या पडल्या होत्या की प्रत्येक ठोक्याला गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खडखडत होत्या. कुठला सूर वाजतोय तेच कळेना. दुसऱ्या कडव्यात अक्का थांबल्या. डोळे भरले होते. "बिडू अण्णा, सोडून द्या," त्या सरांना कानडी-मराठीत म्हणाल्या. "माज्यामुळं तुमची वाद्यंबी बिघडायला लागली."

सरांनी गिटार खाली ठेवली. एरवी हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाय अक्का. तार चुकली. ती निवडली मी. चूक माजी हाय. मला पंधरा दिवस द्या." मग मोहनरावांकडे वळून म्हणाले, "तवर दुसरी गायिका बगायची न्हाय."

मोहनराव होकारार्थी मान हलवून बाहेर गेले. पंधरा दिवसांत तार सापडली नाही, तर अक्कांचे गाणे संपणार होते, हे आम्हा सगळ्यांना कळत होते.

खालचा सूर हवा पण ताण तेवढाच हवा, तर तार जाड लागते, हे सर जाणून होते. प्रश्न होता, किती जाड. प्रथम त्यांनी मिळाल्या त्यांतल्या सर्वात जाड तारा मागवल्या. त्या चढवताच गिटारीची मान पुढे वाकली, आणि अर्ध्या तासात माझी बोटे बधिर झाली. तरी मी वाजवत राहिले. पण सरांनी माझा हात उलटा करून पाहिला आणि तारा काढून टाकल्या. "खोटं वाजवू नका, सुनीताम्मा. दुकतंय तर दुकतंय म्हणा." तोवर सर मला टीचरबाई म्हणत; सुनीताम्मा मी त्या दिवशी झाले.

दहाव्या दिवशी त्यांचा शाळेत फोन आला. "पाच तारांच्या बेसचा सेट मागवला होता, तो आलाय. त्यातली सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवायची. उरल्या चार. त्या तुमच्या गिटारीला." पाच तारांच्या बेसवर जी सर्वात जाड तार असते, ती पांढरी एकच्या खाली अर्ध्या सुरावर लागते. ती अर्धा सूर वर चढवली की नेमका आमचा सूर, आणि ताणही थोडा घट्ट. बाकीच्या तिन्ही तसेच अर्धा सूर वर. ऐकायला किती सोपे! पण नव्या तारा जुन्या खाचांत बसेनात. मी म्हणाले, "कानस फिरवा, खाचा मोठ्या करा." सरांनी ऐकले नाही. मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती हाडाची पट्टी त्यांनी अलगद उचलून काढली आणि तिच्या जागी बसणारी दुसरी पट्टी चार दिवस बसून घडवली. जुनी पट्टी कापसात गुंडाळून डबीत ठेवली.

"ती कशाला ठेवता?" मी विचारले.

"अक्कांचा आवाज परत वर आला तर? तवा लागंल की." ज्या गोष्टीची डॉक्टरांनाही खात्री नव्हती, तिच्यासाठी सरांनी जागा राखून ठेवली होती.

पंधराव्या दिवशी तालीम झाली. पहिला ठोका वाजला आणि तो पायाखालच्या फरशीतून वर आला. अक्कांनी डोळे मिटून गायला सुरुवात केली. या वेळी त्या थांबल्या नाहीत. मोहनराव दाराशी उभे होते. गाणे संपल्यावर ते म्हणाले, "माढ्याच्या कार्यक्रमाला अक्काच गातील."

माढ्याला एका वाचनालयाच्या प्रांगणात दुपारी तो कार्यक्रम झाला. कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतल्या एक वयस्कर बाई काठी टेकत अक्कांजवळ आल्या. त्या म्हणाल्या, "आवाज बदललाय की गं तुजा. आदी मला निस्ती किरकिर ऐकू यायची. आज पयल्यांदा शबूद कळलं." अक्का इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. त्यानंतर त्या आमच्याबरोबर नऊ वर्षे गायल्या. आवाज पुन्हा वर गेला नाही, आणि त्याचे दुःखही त्यांनी नंतर केले नाही. आज त्या अक्कलकोटला मुलींना भजने शिकवतात, पांढरी एकमध्येच.

ऑर्केस्ट्रा केव्हाच बंद झाला. मोहनराव राहिले नाहीत. पण रविवारी दुपारी कुठे दूरवर हार्मोनियमचा सूर ऐकू आला की मला ती खोली आठवते, खिडकीतले ऊन आठवते आणि गिटारीवर हनुवटी टेकवलेले सर दिसतात. हाताशी असलेल्या वस्तूशी माणसाने जुळवून घ्यायचे, अशी आपल्या सर्वांचीच सवय. सरांनी आयुष्यभर माणसाकडे पाहिले आणि वस्तू बदलली. त्यांच्याकडे काही वर्षे बसूनही मला ते पूर्णपणे जमले नाही. पण वर्गात एखादी मुलगी अडखळली की मी आता आधी माझे शिकवणे तपासते. एवढे मात्र मी त्यांच्याकडून घेतले आहे.

या लेखासाठी काही तपशील विचारायला मी गेल्या महिन्यात सरांकडे गेले, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दोन विद्यार्थिनी आपली बेस गिटार घेऊन आल्या होत्या. कुठल्याशा नव्या धाटणीच्या संगीतासाठी त्यांना आमच्यापेक्षाही खाली उतरायचे होते. सरांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले, दोघींचे हात पाहिले, तारा निवडल्या, खाचांची नवी पट्टी बसवून दिली. निघताना एकीने विचारले, "सर, ही पट्टी किती दिवस टिकेल?"

"धा वर्षं तरी काय व्हत न्हाय," पंचाहत्तर वर्षांचे सर चष्मा पुसत सहज म्हणाले. "मग आणा. बदलून देतो."

त्या मुली दहा वर्षांनी याव्यात. दार उघडे असावे, सरांची बोटे अशीच स्थिर असावीत आणि लक्ष्मीअम्मांनी आतून जेवायला हाक मारलेली असावी.