अक्कानं जपून ठेवलेलं गुंतवळ

माझं लग्न मोडायची वेळ आली ती माझ्या स्वतःच्या केसांमुळे, आणि ते केस तेव्हा माझ्या डोक्यावर नव्हते.

मी सोळा वर्षांची होते. जळगावात आम्ही तिघंच राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि घर अक्का चालवायची. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. आई मी तान्ही असतानाच गेली होती. अक्काचं सासर धुळ्याकडचं, त्यामुळे तिचं बोलणं अहिराणी आणि आवाज तीन गल्ल्यांना पुरेल एवढा!

त्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस काढून तो गेला. पण दोन महिन्यांनी माझे केस झडायला लागले. फणी फिरवली की मूठभर केस हातात! गुडघ्यापर्यंतच्या वेणीची महिनाभरात सुतळी झाली. आबा घाबरले आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी डोकं पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "मोठ्या तापानंतर असं होतं. ताप आज येतो, केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत आहेत, केस परत येतील. दूध द्या, डाळी, पालेभाज्या द्या. डोक्याला मात्र काही फासू नका."

"औषध?" आबांनी विचारलं.

"धीर धरा, हेच औषध."

आम्ही घरी आल्यावर अक्का कडाडली, "बाटली बी नही दिन्ही? हाऊ कसाना डॉक्टर?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावर कांद्याचा रस सुरू झाला. (शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "आज कशाची फोडणी चुकली?") मग मेथी झाली, मग माका झाला. डोक्यावर शेतातलं बहुतेक सगळं येऊन गेलं, फक्त केस आले नाहीत. अशात शिंदखेड्याहून मला बघायला येणार असल्याचा निरोप आला. मुलगा शिकलेला, घरची कपाशीची शेती. आबांना हे स्थळ फार मनापासून हवं होतं. पण मुलीला मुदतीचा ताप येऊन गेला हे कळलं, तर "पोरगी रोगट" म्हणून त्यांनी उंबऱ्यावरूनच टांगा फिरवला असता!

अक्का मात्र निवांत होती. माझं गळलेलं एक एक गुंतवळ तिनं मडक्यात साठवलं होतं. (विंचरलेले केस उघड्यावर टाकायचे नाहीत, हा तिचा कडक नेम.) गंगावन करून देणाऱ्या बाईकडून तिनं त्याची झकास वेणी गुंफून आणली. "परकं काहीच नही, मंग खोटं कसानं?" असा तिचा सवाल. बघायला येण्याच्या दिवशी तिनं ते गंगावन माझ्या सुतळीला बांधलं आणि केस चमकावेत म्हणून वर अर्धी वाटी तेल चोपडलं. इथंच घात झाला!

पाहुणे आले, मुलगा आणि त्याचे आई-वडील. मुलगा जमिनीकडे बघत बसला. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मग मुलाची आई म्हणाली, "बेटा, वेणी दखाड बरं."

मी पाठ वळवली. तिनं वेणी हातात घेतली, कौतुकानं जराशी ओढली, आणि अख्खी वेणी तिच्या हातात गेली!

मुलानं माझ्याकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं ते त्या क्षणी. आबांना ठसका लागला. अक्काचा आवाज घुमला, "केस तिनाच शेतस हो, विहीणबाई! बठ्ठा तिनाच! एक बी उसना नही!"

"तिना शेतस ते डोकावर काबर नहीत?"

आबांचा चेहरा बघून मला रडूच फुटलं आणि रडत रडत मी सगळं सांगून टाकलं. ताप, एकवीस दिवस, डॉक्टर, कांदा, मेथी, सगळं! आबांनी डोळे मिटून घेतले. आता स्थळ गेलंच, असं मीही धरून चालले.

विहीणबाईंनी वेणी अक्काच्या मांडीवर ठेवली. मला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात नेलं, डोकं खाली वाकवलं आणि बोटांनी भांग पाडत ओळीओळीनं तपासायला लागल्या. पेरणीनंतर शेतकरी वाफ्यात वाकून बघतो, तस्सं! बराच वेळ झाला. माझी मान दुखायला लागली.

"दखा, बारीक बारीक उगी राह्यनात," त्या मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या. "उगवन चांगली शे. डॉक्टर खरं सांगस. मन्हा बी केस पहिला बाळंतपणनंतर असाच गयात, मंग परत उनात. चार महिनामा लगीन करूत." मग अक्काला म्हणाल्या, "कांदा बंद करा आते. पोरले पोटभर खावाले द्या."

अक्कानं त्याच संध्याकाळी कांद्याचा उरलेला रस मोरीत ओतून दिला. त्या दोघी आज नाहीत. डोक्यावरून फिरलेले त्यांचे हात मात्र अजून आठवतात.

चार महिन्यांनी लग्न झालं. सासूबाईंचा अंदाज एका केसानं चुकला नाही! नवे केस आले होते, पण दोन बोटं उंचीचे, आणि सगळे ताठ उभे. उरलेल्या सुतळीचा अंबाडा होईना, म्हणून पदर ठरेना. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटलं आणि नेमका तेव्हाच पदर घसरला.

परवा नातीनं तो फोटो बराच वेळ निरखला आणि काळजीनं विचारलं, "आजी, लग्नात तुला विजेचा शॉक लागला होता का गं?"

काय सांगू तिला! आमच्या घरात तेव्हा वीज आलीच नव्हती.