झेंडीवाचून अडलेली गाडी

झाशीचे मालगाडीचे गार्ड नीलकंठराव बिवलकर रजेला आळशांचं दुखणं म्हणत. पुतणीच्या वरातीतही सवयीनं शेवटी उभं राहून त्यांनी शिट्टी फुंकली, हिरवी झेंडी हलवली. घोडी बिथरली आणि नवरदेवासकट बँडमध्ये घुसली. चेपलेला ढोल उचलत बँडवाला म्हणाला, “बाबूजी, अब छुट्टी ले लो.” नीलकंठरावांच्या वतीनं त्यांच्या पत्नीनं, सुहासिनीबाईंनी, ते तिथल्या तिथं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं ओरछ्याला बेतवाकाठी गेली. पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या नीलकंठरावांचा डोळा लागला. उन्हं कलल्यावर ते दचकून उठले, “चला, निघू,” म्हणत खिसे चाचपू लागले.

“झेंडी घरीच काढून ठेवलीय मी,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

नीलकंठराव निवांत आडवे झाले. “मग गाडी कशी हलायची?”