शिडाला बांधलेला दुपट्टा

अंबाझरी तलावात मी एकटाच माझी छोटी शिडाची होडी फिरवत होतो. मधोमध शीड ताणणारा दोर तुटला. जादा दोर घरी गच्चीवर होता. बायको त्यावर कपडे वाळत घालते. मग भर मे महिन्यात डोक्याचा दुपट्टा सोडला, पीळ देऊन शिडाच्या कोपऱ्याला बांधला आणि टोक मुठीत धरलं. होडी गुमान काठाला लागली.

काठावरच्या, माझ्याच वयाच्या चहावाल्यानं सगळं पाहिलं होतं. वाटलं, शाबासकी देणार. तो म्हणाला, "काहून गा, एवढ्या उन्हात उघड्या डोक्यानं फिरून राहिला? खिशात कांदा तरी हाये का?"

लू लागू नये म्हणून बायको रोज खिशात कांदा टाकते. मी तो काढून दाखवला. तेव्हा कुठे त्यानं चहा दिला.