खाडीकडे जाणारी वाट

साउथ कॅरोलिनातल्या ज्या बेटावर आम्ही घर घेतलं, तिथे गुल्ला लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं होतं. आमच्या कॉलनीच्या गेटाबाहेर राहणाऱ्या एक गुल्ला आजी मला त्यांच्या पद्धतीचा कालवं घातलेला भात शिकवत होत्या. कालवं त्या स्वतः खाडीतून काढून आणायच्या, पण खाडीची वाट आता आमच्या कॉलनीच्या कुंपणाआत अडकली होती.

एका सकाळी गार्डने त्यांना बादलीसकट अडवलं. मी मागेच गाडीत होते. उतरून म्हणाले, "त्या माझ्या पाहुण्या आहेत."

आजी माझ्यावरच उसळल्या. "पाहुणी? माझी आई मला याच वाटेनं न्यायची. पाहुणी तू आहेस!"

गार्डने सोडल्यावर आम्ही दोघी खाडीवर गेलो. तिथे पाटी होती : पाणी दूषित, कालवं काढू नयेत. आमच्याच कॉलनीचं सांडपाणी तिथे उतरत होतं. आजी रिकामी बादली घेऊन परतल्या.

कॉलनीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "आपण त्यांच्या पदार्थांचा फूड फेस्टिव्हल करू या!" टाळ्या पडल्या. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले, तेही मराठीत.

नवरा कुजबुजला, "बस ना यार, आपल्याला इथेच राहायचंय."

मी बसले नाही. तेच वाक्य इंग्रजीत, सावकाश, एकेकाकडे बघत म्हणाले. फेस्टिव्हल कॅन्सल झाला. वाट मात्र अजून रहिवाशांपुरतीच आहे.