चिऱ्याखालची अबोली

२०२० साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. चौथीपर्यंत शाळा, पुढची सगळी हयात रत्नागिरीच्या चिरेखाणीत गेली. जांभा दगड कापून घराला लागणारे चिरे काढायचे. माझा चिरा गुण्याला, म्हणजे काटकोनात, कधी चुकत नसे. त्याची घमेंड होती मला, अजून आहे.

त्या श्रावणात बायको आजारी. पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. एकच मुलगी, मुंबईला इस्पितळात नर्स. करोनामुळे तिला रजा नाही, रस्तेही बंद. एका सकाळी बायको भिंतीला धरून परसात गेली. अबोलीची फुलं काढून आणली आणि वर्तमानपत्रावर एकेक करून मांडली. मुलीला शाळेपासून नाद, फुलं दाबून वाळवायची नि वहीत चिकटवायची.

"पोर येईल तेव्हा द्या तिला. मी असेन नसेन," बायको म्हणाली. "आणि नीट दाबून ठेवा."

"दाब कसा द्यायचा ते मला सांगतेस?"

"तुम्हाला कोण सांगणार! दगड तरी ऐकेल एखादवेळ."

मी हसलो. पडवीच्या कडेला मी स्वतः काढलेला एक चिरा होता, कागदाची घडी घालून तो उचलून वर ठेवला.

चौथ्या दिवशी ती गेली. मुलीने आईला शेवटचं फोनवर बघितलं.

पुढे आठवड्याभराने मुलीचा फोन. "बाबा, फुलांचा कागद रोज बदलताय ना? फुलांना पाणी सुटतं, बुरशी धरते."

"दाब काढला की फूल आक्रसतं. मला नको शिकवूस, बाय."

"एकदा उघडून तरी बघा."

"तूच उघड आल्यावर."

खरं म्हणजे बायकोच्या हातची ती मांडणी हलवायला माझा हात धजत नव्हता. पण तसं बोललो नाही.

भाद्रपद सरता सरता मुलगी आली. पाणीही न पिता चिऱ्याजवळ बसली. मी चिरा उचलला. अर्धा कागद दगडालाच चिकटून वर आला. आत काळा चिखल, त्यावर पांढरी लव. अबोलीचा रंग कुठेही नव्हता.

जांभा पाणी पितो. पावसात भिजलेला चिरा वरून सुकलेला दिसला तरी आत ओलाच, हे जन्मभर मीच लोकांना सांगत आलो.

"एकदापण उघडलं नाहीत?"

"पाऊस फार झाला यंदा," मी म्हणालो.

तिने नखाने एक पाकळी सोडवायला घेतली. कागदासकट फाटली. मग ती उठून हात धुवायला गेली, ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकाव काढला, तो चिरा परसात नेला आणि फोडला. दोन भाग झाले. मधोमध बोट लावलं आणि तिला हाक मारली.

"बाय, ये. बघ. ओला होता."