नायट्रोजन आला की…

बाळाचे लंगोट आणि नवऱ्याच्या लॅबचे किस्से, दोन्हींचं एकच. आज निस्तरा, उद्या तेवढेच पुन्हा साठलेले! आमचे हे इथे बनारसला युनिव्हर्सिटीत फिजिक्सचा प्रबंध करतात. मी सातवी शिकलेली. पण रोज जेवताना ऐकून ऐकून बरंच कळतं.

*

एकदा विचारलं, "दिवसभर करता तरी काय?"

"बिस्मथ घालून केलेला स्फटिक आधी गार गार करायचा. मग हळूहळू तापवत रीडिंग घ्यायची. गारठ्यात आतले इलेक्ट्रॉन गप्प बसतात, तेव्हा वरच्या पृष्ठभागावरच्यांची धावपळ कळते. ऊब आली की आतले उठतात, मग वरच्यांचं काही कळत नाही."

"म्हणजे मुक्ता झोपली की घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसं?"

"अगदी तसं!" हे ओरडले. मुक्ता उठली. टिकटिक बंद!

*

गार करायला लिक्विड नायट्रोजन लागतो. तो येतो कधीतरी, आणि आला की लागलीच उडून जायला लागतो. यांच्या जोडीच्या पांडेजींनी स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली, तर दोघांचे गाईड असलेले सर म्हणाले, "नवरी थांबेल. नायट्रोजन थांबत नाही!"

*

जूनमध्ये लाइट गेली. स्फटिक आपला नायट्रोजनमध्ये गारेगार, आणि पांडेजी घामाने निथळताहेत. आमच्याकडे सरबत प्यायला आले तेव्हा म्हणाले, "भाभीजी, अगले जनम में हम बिस्मथ ही बनेंगे!"

*

लॅबचा नियम: काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. मुक्ताला ताप भरला, माझा जीव टांगणीला. "किती आहे हो?"

"थांब, स्थिर होऊ दे."

पोर लाथा झाडतेय! "अहो, माणसाचं लेकरू आहे ते, स्फटिक नाही!"

*

नेमका त्याच दिवशी नायट्रोजन आला. प्रबंधाची मुदत संपत आलेली, एवढीच रीडिंग राहिलेली. डॉक्टरांनी औषध दिलं, ओल्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. मीच म्हटलं, "जा तुम्ही." हे गेले, आणि मी एकटीच पट्ट्या पिळत बसले.

दुपारी कडी वाजली. सर! दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून भर उन्हात चालत आलेले.

"त्याचं सगळं लक्ष इकडे. सारखे चुकीचे आकडे लिहितोय. म्हटलं, स्फटिक नुसता गार ठेव, मी जाऊन बसतो. सरक, मुली."

बाह्या सारून मुक्ताच्या उशाशी बसले, पट्ट्या बदलत. मधूनच थर्मामीटर. स्थिर होईपर्यंत मला बोलूसुद्धा देईनात!

संध्याकाळी मुक्ताचं कपाळ घामाने ओलं झालं. डोळे उघडून तिने दुधासाठी हात पुढे केला. सर उठले, खालच्या पीसीओवर गेले, लॅबला फोन लावला. मी तिला घेऊन जिन्यात उभी.

"इकडचं उतरलं," सर म्हणाले. "आता तिकडचं वाढव."